डाव्या कुशीचं दुखणं

परकराची नाडी मी आता उजव्या बाजूला बांधते, तीही सैल. त्यामुळं दिवसातून तीनदा साडी घसरते आणि तीनदा खोचावी लागते. घरी गाऊन चालतो, पण अंगणवाडीत साडी नेसावीच लागते. डावीकडं बरगडीच्या खालून पोटापर्यंत वीतभर शिवण आहे आणि नाडी नेमकी तिच्या टोकावर येते. साडेतीन वर्षांपूर्वी तिथून माझी किडनी काढली आणि माझ्या धाकट्या भावाला बसवली. तो बरा आहे. बरा म्हणजे ठणठणीत आहे, लग्नात नाचतो. दुखतं ते मला.

आता कोणी म्हणेल, बाई, एवढं मोठं काम केलं आणि रडतेस काय. म्हणा. मला ते ऐकायची सवय आहे. पण मी आधीच सांगते, किडनी दिल्याचा मला पस्तावा नाही. उद्या परत वेळ आली आणि जास्तीची असती, तर परत दिली असती. मला फक्त एक गोष्ट पाहिजे होती. कोणीतरी, एका माणसानं, माझ्याकडं पाहून म्हणावं की हो, तुला दुखतं. बस. त्याच्यापुढं काही नको होतं.

भाऊ कोंढ्याला आईजवळ राहतो, शाळेत मास्तर आहे. मी लग्न होऊन एकोडीला आले. त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा नागपूरला डायलिसिस सुरू झालं. चांगला उंचापुरा माणूस, चार महिन्यांत त्याचा चेहरा राखेसारखा झाला. आईला शुगर, ती बाद. वहिनीचा रक्तगट जुळेना. मग एका संध्याकाळी कोंढ्याच्या घरी सगळे बसले आणि सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. 'दे' असं कोणी म्हणलं नाही. आमच्याकडं असं म्हणत नाहीत. चहा तसाच ठेवून गप बसतात. मीच म्हणलं, "माही तपासा." मग सगळ्यांनी चहा घेतला.

तपासण्यांच्या चकरा झाल्या. दवाखान्यात कमिटीसमोर बसवलं, कॅमेरा लावला, एका बाईनं विचारलं, तुमच्यावर कोणी दबाव टाकला का? मी म्हणलं, नाही. हे खरंच होतं. नवऱ्याला विचारलं, तुमची हरकत आहे का? माझा नवरा लाइनमन आहे, खांबावर चढतो, पण त्या खुर्चीवर त्याला घाम फुटला. तो म्हणाला, "तिच्या भावाचा मामला आहे, मी कोण नाही म्हणणारा?" सही केली. आपरेशनच्या आधी डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, दोन तीन आठवडे दुखेल, मग हळूहळू कमी होईल. काहींना जास्त दिवस दुखतं, असंही ते म्हणाले होते. ते वाक्य आमच्या घरात फक्त मी ऐकलं. बाकीचे तोपर्यंत पुढच्या पानावर गेले होते.

शुद्धीवर आले तेव्हा वाटलं, कोणी कुशीत इळा घालून तो तिथंच विसरून गेलं. श्वास वर ओढला की तो हलायचा. नर्सनं श्वास ओढायचं एक प्लास्टिकचं यंत्र हातात दिलं, आत तीन रंगीत गोळे, आणि म्हणाली, ओढा, तिन्ही गोळे वर गेले पाहिजेत. एक नाही गेला. खोकायला लावलं तर पोटावर उशी दाबून खोकले, आणि डोळ्यांतून पाणी आलं. तेवढ्यात आई धावत आली. मला वाटलं, मला पाहायला आली. ती दारातूनच ओरडली, "त्याले लघवी झाली वं! टेबलावरच झाली! किडनी चालू झाली, डॉक्टरनं सांगतलं!"

मायवो! काय आनंद होता तो. सगळं खानदान काचेच्या खोलीसमोर उभं, आतल्या पिशवीत किती लघवी जमली ते पाहून एकमेकांना फोन करून राहिले. मी तेव्हा हसले की रडले, आता आठवत नाही. खरं तर मलाही आनंद झाला होता. पण माझ्या पलंगाजवळ खुर्ची होती आणि ती दिवसभर रिकामी होती, हेही मला आठवतं.

तिसऱ्या दिवशी आई त्या खुर्चीवर बसली. माझे केस विंचरले, तेल लावलं. मग हळू आवाजात म्हणाली, "एक गोठ ध्यानात ठेवजो. दुखते दुखते म्हणून कोनापुढं बोलजो नोको. देल्ल्या वस्तूसाठी हळहळलं का ते वस्तू लागत नाही. त्याच्या अंगात ते नवीन हाये. रुसन ते."

मी अंगणवाडी सेविका आहे. लेकराला नजर लागली म्हणत येणाऱ्या बायांना मी झापते आणि ओआरएसची पुडी देऊन घरी पाठवते. आमच्या घरात ना अंगारा, ना धुपारा. आज्यानं सारे देव बोडीच्या पाण्यात नेऊन सोडले, तेव्हापासून आम्ही विहारात जाणारी माणसं. आणि माझी आई मला सांगून राहिली होती की किडनी रुसते. मला हसू आलं, पण हसायला गेले तर टाके ओढले. म्हणून हसले नाही. "हव," म्हणलं.

पाचव्या दिवशी मला सुट्टी झाली. भाऊ महिनाभर काचेत राहिला, मग वर्षभर मास्क लावून. त्याच्या जेवणाची भांडी वेगळी, त्याला भेटायला जायचं तर पाय धुऊन जायचं. हे सगळं बरोबरच होतं, मी नाही म्हणत नाही. पण तो रोज सुधारत होता आणि मी रोज बिघडत होते. चांगली धडधाकट बाई मी, दवाखान्यात चालत गेले आणि वाकून बाहेर आले. जखम भरली, टाके निघाले. वरची कातडी बधीर झाली, हात लावला तर दुसऱ्याच्या अंगाला लावल्यासारखा वाटे. आणि त्या बधीर कातडीच्या खाली आग. शिंकले की करंट लागल्यागत कळ यायची, पाठीपासून थेट बेंबीपर्यंत. अंगणवाडीत वजनकाट्याच्या झोळीत लेकरू उचलून ठेवायचं म्हणजे मी आधी दात आवळायची. मग मदतनीस बाईच म्हणायला लागली, "ताई, तुमी निस्तं लिहा, मी ठेवतो."

आठ महिने झाल्यावर एका रविवारी भाऊ आणि वहिनी एकोडीला आले. मी बोअरिंगवरून पाण्याची बादली उचलली आणि तिथंच वाकून बसले. भाऊ धावत आला. "काय झालं ताई?" त्याच्या चेहऱ्यावर इतकी काळजी होती, की माझ्या तोंडून निघून गेलं.

"दुखते रे. रोजच दुखते. एक दिवस खाली जात नाही."

त्यानं बादली घेतली, घरात नेली, आणि जेवायला बसला, पण घास गेला नाही. ताटावर हात धुतले. जाताना माझ्या पाया पडला, जे त्यानं कधी केलं नव्हतं. दोन दिवस तो नीट जेवला नाही असं वहिनी म्हणाली. त्याच आठवड्याच्या तपासणीत त्याचं क्रिएटिनीन वाढलं, म्हणजे किडनी कमी गाळत होती. नागपूरला भरती केलं. डॉक्टर म्हणाले, औषधाची मात्रा रक्तात कमी पडली होती, ती वाढवली, आकडा खाली आला, चार दिवसांत तो घरी परतला. औषधाचं कारण होतं, आणि सगळं स्पष्ट होतं.

आईचा फोन आला. ती एवढंच म्हणाली, "बोलली नं तू?"

बारावी सायन्स झालेली बाई मी. मला माहीत होतं की माझ्या बोलण्याचा आणि त्याच्या क्रिएटिनीनचा काडीचा संबंध नाही. तरी मी मानलं. लाज वाटते सांगायला, पण मी ते मानलं. त्या दिवसापासून तोंडाला कुलूप लावलं.

तपासणीला आम्ही दोघं बहीणभाऊ एकाच गाडीनं जायचो, सहा महिन्यांतून एकदा. भावाचं अर्धा तास चालायचं. लघवी, बीपी, औषधं, काय खाता, काय खात नाही. मग डॉक्टर माझ्याकडं वळायचे. "आणि ताई, तुम्हाला काही तक्रार?" बाजूच्या खुर्चीवर भाऊ. तो श्वास रोखून माझ्याकडं पाहायचा. तो विचारत नव्हता, विनवून राहिला होता.

"नाही सर. सगळं ठीक आहे."

डॉक्टर लिहायचे. सहा वेळा गेले, सहा वेळा लिहिलं. एकदाही मी म्हणलं नाही की सर, याला जरा बाहेर पाठवा. सुचलंच नाही असं नाही. धाकट्या भावाला खोलीबाहेर काढून त्याच्या पाठीमागं काय बोलायचं? आमच्यात तशी रीत नाही. आणि खरं सांगायचं तर मला भीतीही वाटायची.

गेल्या वर्षी धानाच्या रोवण्याला मी आमच्या शेताच्या दोन बांध्यांत उतरले. नवरा नको म्हणत होता. पण सगळ्या बाया चिखलात वाकून धान लावून राहिल्या आणि मालकीण धुऱ्यावर छत्री घेऊन बसली, हे मला जमत नाही. दुपारी जेवणानंतर बायांनी पदराच्या गाठीतून दर्दाच्या गोळ्या काढल्या आणि पाण्यासोबत गिळल्या. कंबर दुखते म्हणून सगळ्याच खातात. एकीनं मला पुढं केली. मी नाही म्हणलं. उरलेल्या एका किडनीवर ती गोळी जड जाते, डॉक्टरांनी बजावलं होतं, फार तर तापाची साधी गोळी घ्यायची. मी त्या बायांच्या तोंडाकडं पाहत राहिले. अर्ध्या तासात त्यांच्या गप्पा सुरू झाल्या. मला त्या दिवशी त्यांचा इतका हेवा वाटला की विचारू नका. संध्याकाळी मला बांधीतून हाताला धरून काढावं लागलं.

मग मी ठरवलं, एकटीनं जायचं. फाइल घेतली आणि भंडाऱ्याला एका मोठ्या डॉक्टरकडं गेले. भाऊ नाही, आई नाही, कोणी नाही. तिथं मी सगळं सांगितलं. नाडीचं, शिंकेचं, वजनकाट्याचं. बोलता बोलता मला रडू आलं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी ते सगळं एका दमात बोलले होते. डॉक्टरांनी सोनोग्राफी पाहिली, फाइल उघडली, पानं चाळली.

"मॅडम, इथं सहा वेळा लिहिलंय, तक्रार नाही. मग आत्ता एकदम कुठून आलं?"

"मी खोटं बोलले होते सर."

"सहा वेळा?"

"बाजूला भाऊ बसायचा."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "घरी काही टेन्शन आहे का? झोप लागते?" आणि गॅसची गोळी लिहून दिली. एक झोपेची.

बसस्टँडवर मी त्या गोळ्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. इतका संताप आला होता की कोणी नुसतं "बाई, सरका" म्हणलं असतं तरी मी भांडले असते. आणि संताप कोणावर करायचा? डॉक्टर फाइल वाचून बोलले. फाइल माझ्या तोंडचं ऐकून लिहिलेली. घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "तूच लिहून घेतलं नं तसं." तो वाईट माणूस नाही. पण त्या वेळी मला तो वाईट वाटला.

त्यानंतरच्या पौर्णिमेला कोंढ्याच्या विहारात माझा सत्कार ठेवला. भावानंच ठेवायला लावला. पांढरी साडी नेसून मी पुढं बसले, वंदना झाली, शाल दिली, पुस्तक दिलं. मग भाऊ बोलायला उभा राहिला. चांगलं बोलतो तो, मास्तर आहे. दानाबद्दल बोलला, आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि शेवटी तो म्हणाला, "माझ्या ताईचं मन एवढं मोठं, की तिला एक दिवस त्रास झाला नाही. विचारा तिला. हसत हसत दिली, हसत हसत राहते."

टाळ्या वाजल्या. बादली त्यानंच उचलली होती. माझ्या पाया तोच पडला होता. पण त्याचा चेहरा पाहिला आणि माझ्या लक्षात आलं, की तो खोटं बोलत नव्हता. त्यानं ते खरं करून टाकलं होतं, कारण त्याशिवाय त्याला झोप आली नसती. मी हात जोडले आणि हसले. काय करणार?

त्या टाळ्या वाजवणाऱ्यांत आसगावची एक बाई होती. तिच्या मुलाच्या किडन्या गेल्या होत्या आणि सून द्यायला तयार झाली होती, रक्तगट जुळला होता. पण सून घाबरत होती. पंधरा दिवसांनी भाऊ त्या सासूसुनेला घेऊन माझ्या घरी आला. दारातच मला म्हणाला, "ताई, जरा समजावून सांग. एका मानसाचा जीव हाये."

सून पंचवीस सव्वीसची असेल. बारीक, सावळी, दोन लेकरांची आई. समोरच्या खोलीत सासूच बोलत होती. मी चहा ठेवायला आत गेले तर ती मागून आली. कपबशा धुवायला लागली, मी नको म्हणत असताना. मग नळाकडं पाहतच तिनं विचारलं.

"ताई, खरं सांगा. दुखते का?"

तिथं कोणी नव्हतं. भाऊ नव्हता, आई नव्हती, फाइल नव्हती. ती आणि मी. तीन वर्षांत हा प्रश्न असा मला कोणी विचारला नव्हता. माझी कूस त्या वेळीही जळत होती, सकाळपासून उभी होते. मी तोंड उघडलं. बाहेरून भावाच्या हसण्याचा आवाज आला, खणखणीत, निरोगी. मनात आलं, हिला खरं सांगितलं आणि ही नाही म्हणाली, तर आसगावच्या त्या माणसाचं काय? मनात आलं, भावाचं क्रिएटिनीन. हो, तेही आलं. असल्या वेळी माणसाची अक्कल कुठं जाते कोण जाणे.

"चार दिवस दुखते," मी म्हणलं. "मंग काही नाही. मी रोवणा केला नं यंदा."

तिनं मोठा श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. म्हणाली, "तुमी सांगतलं म्हणून बरं झालं ताई. मले दुसऱ्या कोनावर भरोसाच नवता." कपबशा पुसल्या, ट्रे स्वतः उचलला आणि बाहेर नेला. सासूनं माझे हात हातात घेतले. भावानं जाताना अंगठा वर करून दाखवला.

तिचं आपरेशन पावसाळा सरताना झालं. चांगलं झालं, नवऱ्याला किडनी लागली, भावानं फोन करून कळवलं. मी त्यानंतर तिला फोन केला नाही. दोनतीनदा नंबर काढला आणि ठेवून दिला.

परवा अंगणवाडी सुटल्यावर मी पोरांच्या सतरंज्या गुंडाळत होते, तेव्हा तिचाच फोन आला. आधी तिनं माझी तब्येत विचारली. मग नवऱ्याची सांगितली, तो शेतावर जायला लागला आता. मग आवाज खाली आणला. मला कळलं, आता काय येणार ते.

"ताई, तुमाले चार दिवसच दुखलं होतं नं?"

हातातली सतरंजी मी खाली ठेवली.

"मले सात महिने झाले. बसलं तरी दुखते, निजलं तरी दुखते. सासू म्हणते, थ्या एकोडीच्या ताईले नाही दुखलं, तुलेच काहून दुखते? काम टाळासाठी करून राहिली म्हणते. नवरा काही म्हणत नाही, पर तोंड फिरवते. माहंच काही चुकलं का ताई? म्या मनापासून नाही देल्ली का?"

सतरंजीवर बसले मी तशीच.

"तुह्यं काही चुकलं नाही," मी म्हणलं. "मले दुखते. साडेतीन वर्षं झाले, रोज दुखते. आत्ताही दुखून राहिलं."

मग ती म्हणाली, "मंग तवा काहून नाही सांगतलं?"

भावाचं नाव घेणार होते, आईचं घेणार होते. पण त्या सैपाकघरात आम्ही दोघीच होतो, आणि हे तिलाही माहीत होतं.

"मी नाही म्हणली नसती ताई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तोच असता तर बरं झालं असतं. "माह्या नवऱ्याले देल्लीच असती. तुमी खरं सांगतलं असतं तरी देल्ली असती. पर सात महिने मी समजून राहिली का मीच नाटकी हावो."

मी म्हणलं, "माफ कर बाई."

ती काही बोलणार होती. पलीकडं दार वाजलं, कोणीतरी आत आलं, आणि तिचा आवाज एकदम बदलला, मोठा झाला, हसरा झाला. "हव ताई, मी एकदम मस्त हावो. काहीच दुखत नाही. ठेवतो मंग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.